ऑनलाइन कपडेखरेदीतील परतावा हक्क

ऑनलाइन कपडेखरेदीतील परतावा हक्क : संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून मागवलेला कपडा हाती आल्यावर नको वाटला, तर कारण न सांगता तो परत करून पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा कायदेशीर अधिकार. कपड्यात दोष असणे ही या अधिकाराची अट नाही. शिवण पक्की आहे, माप लेबलवर लिहिल्याप्रमाणेच आहे, पण अंगावर शोभत नाही, एवढे पुरते. मात्र हा अधिकार सर्वत्र नाही. युरोपीय संघ, ब्रिटन, चीन, ब्राझील येथे तो कायद्याने मिळतो. अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया येथे ‘नको वाटला’ या कारणासाठी जे पैसे परत मिळतात, ते विक्रेत्याच्या धोरणामुळे.

सदोष कपड्याचा परतावा आणि नकोशा कपड्याचा परतावा या दोन वेगळ्या गोष्टी असून बहुतेक भांडणे त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. उसवलेली शिवण, पहिल्याच धुण्यात उतरलेला रंग, सुती म्हणून पाठवलेले पॉलिस्टर या बाबतीत विक्रेत्याने शब्द मोडलेला असतो. त्याची दाद जवळपास प्रत्येक देशात मागता येते आणि ‘परतीची मुदत संपली’ म्हणून ती सहसा टाळता येत नाही. नकोशा कपड्याच्या बाबतीत विक्रेत्याची काहीच चूक नसते. सांगितले तेच त्याने पाठवलेले असते. तरीही कायदा ग्राहकाला सौद्यातून अंग काढून घेऊ देतो. एकदा झालेला करार पाळलाच पाहिजे, या जुन्या शिस्तीला हा चक्क अपवाद आहे.

अपवादाचे कारण ट्रायल रूममध्ये आहे. दुकानात माणूस कापड चिमटीत धरून पाहतो, रंग उजेडात नेऊन तपासतो, आरशासमोर उभा राहून पाठीमागून कसे दिसते ते वळून पाहतो. पडद्यावर यातले काहीच होत नाही. रंग पडद्यानुसार बदलतो, मॉडेलच्या अंगावरचा कपडा छायाचित्रासाठी मागून टाचण्या लावून चापून बसवलेला असू शकतो आणि एका कंपनीचे ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘लार्ज’ला भारी पडते. कायद्याने दिलेली मुदत म्हणजे ग्राहकाची हुकलेली ट्रायल रूम त्याच्या घरी पोहोचवण्याची सोय. या हक्काची व्याप्ती कुठवर, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या एका कल्पनेतून निघते.

मूळ मात्र वेगळे होते. विचार बदलण्याची मुदत प्रथम आली ती दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांमुळे. ब्रिटनच्या १९६४ च्या भाडेखरेदी (हप्त्यांवर वस्तू घेण्याच्या) कायद्याने घरी बसून सही केलेला करार रद्द करण्याची मुभा दिली. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने) १९८५ मध्ये दारावरच्या विक्रीसाठी किमान ७ दिवस दिले. तेथे भीती गोड बोलून गळ्यात मारण्याची होती. १९९७ च्या युरोपीय निर्देशाने (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमाने) हीच मुभा टपाल व दूरध्वनीवरून होणाऱ्या ‘दूरस्थ’ विक्रीला लावली, तेव्हा कारण बदलले: येथे कोणी दबाव आणत नाही, पण वस्तू डोळ्यांसमोर नसते. त्या वेळी किमान मुदत कामकाजाच्या ७ दिवसांची होती. २०११ च्या निर्देशाने ती १४ दिवसांची केली आणि १३ जून २०१४ पासून ती लागू झाली. ब्रिटनचे २०१३ चे नियमही त्याच दिवशी अमलात आले आणि ब्रेक्झिटनंतरही टिकून आहेत.

युरोपीय पद्धतीत मुदत मागणी नोंदवल्यापासून नव्हे, तर माल हाती पडल्यापासून मोजतात. एकाच मागणीतले कपडे वेगवेगळ्या पार्सलांतून आले, तर शेवटचे पार्सल येईल तेव्हापासून. या १४ दिवसांत ‘मी करारातून माघार घेत आहे’ असे विक्रेत्याला स्पष्ट कळवावे लागते, ईमेल चालते. काही न कळवता नुसते गाठोडे परत धाडले तर ती माघार ठरत नाही, हे अनेकांना नंतर कळते. कळवल्यानंतर कपडा पाठवायला आणखी १४ दिवस मिळतात. विक्रेत्याने या हक्काची माहितीच दिली नसेल, तर मुदत १२ महिन्यांनी वाढते. लपवाछपवीला यापेक्षा नेमकी शिक्षा सुचणे कठीण.

पैसे परत करताना विक्रेत्याला कपड्याच्या किमतीबरोबर तो पाठवण्याचा साधा खर्चही द्यावा लागतो. एका टपाल-विक्री कंपनीने हा खर्च कापून घेतला, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि असे कापता येत नाही असा निकाल २०१० मध्ये लागला. ग्राहकाने घाई म्हणून जलद सेवा निवडली असेल, तर वरचा जादा खर्च मात्र त्याचा त्यालाच सोसावा लागतो. परत पाठवण्याचा खर्चही सहसा ग्राहकाकडे, पण हे विक्रेत्याने आधी सांगितलेले असले पाहिजे. सांगितले नसेल तर तो विक्रेत्यावर पडतो. रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत गेली पाहिजे. म्हणजे कार्डावरून घेतलेल्या पैशांच्या बदल्यात ‘पुढच्या खरेदीसाठी कूपन घ्या’ असे ग्राहकाच्या संमतीशिवाय म्हणता येत नाही. माघार कळवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, परंतु कपडा पोहोचेपर्यंत किंवा तो पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत विक्रेता ते रोखून धरू शकतो. कुरिअरची पावती जपून ठेवायची ती यासाठी.

खरा काथ्याकूट ‘घालून पाहणे’ आणि ‘वापरणे’ यांच्या सीमारेषेवर होतो. २०११ च्या निर्देशाच्या प्रस्तावनेत यासाठी कपड्याचेच उदाहरण घेतले आहे: ग्राहकाने कपडा घालून पाहावा, घालून वावरू नये. घामाचा वास, अत्तर, मेकअपचे डाग, धुतल्याच्या खुणा दिसल्या, तर माघारीचा हक्क बुडत नाही. मात्र कपड्याचे जेवढे मोल घटले तेवढी रक्कम विक्रेता कापून घेऊ शकतो. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘टॅग काढला, आता काही मिळणार नाही’ असे विक्रेते सर्रास सांगतात, पण निर्देशात टॅगचा उल्लेखही नाही. प्रश्न असतो तो मूल्यघटीचा. चीनमध्ये नियम नेमका उलट आहे. तेथे १५ मार्च २०१४ पासून विनाकारण परतीसाठी ७ दिवस मिळतात, आणि २०१७ च्या नियमांनुसार कपड्याचे लेबल काढलेले किंवा कापलेले असेल अथवा कपडा मळलेला वा खराब झालेला असेल, तर तो ‘सुस्थितीत’ धरला जात नाही.

अंतर्वस्त्रे व पोहण्याचे कपडे यांच्याबाबत आरोग्याचे कारण पुढे केले जाते. मोहोरबंद वस्तू उघडल्यावर आरोग्याच्या दृष्टीने परत घेण्याजोगी राहत नसेल, तर माघारीचा हक्क संपतो, असा युरोपीय कायद्यातला अपवाद आहे. त्याचा अर्थ किती ताणायचा, याचे उत्तर गंमत म्हणजे एका गादीच्या खटल्याने दिले. ग्राहकाने गादीवरचे संरक्षक प्लॅस्टिक काढले म्हणून विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला होता. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने गादीची तुलना कपड्याशी केली: दोन्हींचा शरीराशी संपर्क येतो, पण दोन्ही स्वच्छ करून पुन्हा विकता येतात, म्हणून हा अपवाद गादीला लागू नाही. दुसरा अपवाद ग्राहकाच्या मागणीबरहुकूम बनवलेल्या मालाचा. नाव भरतकामाने काढलेला सदरा किंवा अंगाच्या मापाने शिवलेला कोट परत करता येत नाही. तयार मापांतून एक माप किंवा पाच रंगांतून एक रंग निवडणे म्हणजे मात्र मागणीबरहुकूम बनवणे नव्हे.

हक्क व्यापाऱ्याविरुद्ध असतो. जुने कपडे विकणाऱ्या ॲपवर एखाद्या खाजगी व्यक्तीकडून घेतलेला कपडा त्यात येत नाही. प्रत्यक्ष दुकानातली खरेदीही बाहेरच राहते, कारण ट्रायल रूम तेथे होतीच. संकेतस्थळावर पैसे भरून कपडा फक्त दुकानातून उचलला, तर करार दूरस्थच राहतो.

इतर देशांत ब्राझीलने १९९० च्या ग्राहकसंहितेत ७ दिवस दिले आहेत. जपानमध्ये ८ दिवस मिळतात, पण विक्रेत्याने जाहिरातीत वेगळी अट छापली असेल तर तीच चालते. अमेरिकेतील संघीय व्यापार आयोगाचा ३ दिवसांचा नियम मुख्यतः दारावरच्या विक्रीसाठी असून संपूर्णपणे ऑनलाइन झालेली खरेदी त्यातून वगळली आहे.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम यांत केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा हक्क नाही. मात्र वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत दाखवलेल्या गुणधर्मांची नसेल, अथवा ठरलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे देण्यास नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. कपड्यांच्या बाबतीत ‘जाहिरातीप्रमाणे नाही’ हे शब्द बरेच दूर जातात. संकेतस्थळावरच्या मापतक्त्यात छाती ४० इंच आणि प्रत्यक्षात ३८ भरली, तर प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. असा माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारप्रथा आहे. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. त्यापुढे १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग आहेत. तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगात करता येते, हे ऑनलाइन खरेदीत विशेष सोयीचे.

परतीची सवय लागली की हक्काचा आकारही बदलतो. एकच कुर्ता तीन मापांत मागवून दोन परत करणे, यात कायद्याच्या दृष्टीने काही गैर नाही. घरची ट्रायल रूम ती हीच. समारंभात मिरवून दुसऱ्या दिवशी परत करणे मात्र लबाडी आहे, आणि तिच्यामुळेच काही विक्रेते ठळक टॅग सहज दिसेल अशा जागी लावतात. परत आलेला कपडा तपासून, इस्त्री करून, पुन्हा घडी घालण्याचा खर्च कधीकधी त्याच्या किमतीला परवडत नाही. मग तो स्वस्तात विकला जातो किंवा नष्ट केला जातो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून न विकलेले कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास बंदी घातली, आणि माघारीच्या हक्काने परत आलेले कपडेही ‘न विकलेले’ या व्याख्येत धरले आहेत.