भिंतीऐवजी गवताचा काठ

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या काठी घर असलेली माणसं किनारा झिजू लागला की लाकडाची किंवा काँक्रीटची उभी भिंत घालत. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू उपसून नेते. समोरचं पाणी खोल होतं, भिंत कलते, शेजारचा काठही ढासळू लागतो. म्हणून २००८ साली तिथल्या मेरीलँड राज्याने कायदा केला : आधी जिवंत किनारा, म्हणजे भिंतीऐवजी वाळूच्या उतारावर गवत लावून धरलेला काठ; तो जमत नसेल तिथेच भिंत.

जागा बघताना आधी वाऱ्याचा विचार करायचा, झाडांचा नंतर. समोर मोकळं पाणी, म्हणजे वाऱ्याला लाट उठवायला मिळणारं अंतर, साधारण ८०० मीटरपेक्षा कमी असेल, तर काथ्याचे ३० ते ५० सेंटीमीटर जाडीचे गुंडाळे आणि गवत पुरतं. त्याहून जास्त असेल, तर दगडांचा बुटका बांध लागतो. त्याचा माथा सरासरी भरतीरेषेच्या फूटभरच वर ठेवायचा, आणि मध्ये मोकळ्या फटी सोडायच्या. हौसेने उंच केलेल्या, सलग बांधामागे पाणी कोंडतं. मासे अडकतात, कासवांना काठावर येता येत नाही.

बांधामागे स्वच्छ वाळू भरून दहास एक (दहा फूट लांबीला एक फूट उंची) असा उतार काढतात. सगळं काम इथेच साधतं किंवा फसतं. स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे गवत भरती-ओहोटीच्या मध्यापासून भरतीरेषेपर्यंत जगतं, स्पार्टिना पेटन्स त्याच्या वर. वाळू वीतभर कमी पडली तरी खालची रोपं बुडून मरतात. वसंतात साधारण दीड फुटावर एकेक रोप लावतात. दिवसाला सहा तास ऊन हवं, त्यामुळे काठावरच्या झाडांच्या खालच्या फांद्या छाटाव्या लागतात. कोवळी रोपं कॅनडा हंस उपटून खातात. दोऱ्यांचं कुंपण विसरलं तर लागवड पुन्हा करावी लागते. काथ्या तीन-पाच वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी माती धरलेली असायला हवी. गुंडाळा खुंट्यांना घट्ट बांधला नाही, तर लाट त्याच्या खालूनच माती काढून नेते.

उत्तर कॅरोलिनात २०११च्या आयरीन चक्रीवादळानंतर पाहणी झाली, तेव्हा पाहिलेल्या भिंतींपैकी ७६ टक्के भिंतींचं नुकसान झालेलं आढळलं. बांधामागच्या दलदलीची जमीन मात्र खचली नव्हती. विरळ झालेलं गवतही वर्षभरात पुन्हा दाट झालं.

कोकणात उघड्या पुळणीवर हा उपाय करू नये. पावसाळ्यातल्या लाटा काथ्या आणि रोपं दोन्ही घेऊन जातील. खाडीच्या आतल्या काठाला स्पार्टिना नव्हे, तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडंच हवीत. तिथेही आधी उंची मोजायची. फार खालच्या, सतत पाण्याखाली राहणाऱ्या चिखलात खोचलेली कांदळाची रोपं कितीही दाट लावली तरी जगत नाहीत.