बडोद्याच्या गरब्यात शटर स्पीड किती ठेवायचा?

नवरात्रात बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर गरबा रिंगणात फिरतो. मधे गाणारे-वाजवणारे, भोवती एकाबाहेर एक वर्तुळं. कॅमेरा ऑटोवर असला की रात्रीच्या उजेडात तो १/६० सेकंदाच्या आसपास शटर (म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ) निवडतो आणि फोटो फराटलेले येतात. मग लेन्सला नावं ठेवली जातात.

खरं तर हा साधा गुणाकार आहे. गिरकी घेताना चणियाची (घागऱ्याची) कड साधारण ०.७ मीटर त्रिज्येनं फिरते. एक गिरकी दीड सेकंदात झाली, तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर. १/६० सेकंदात ती ५ सेंटिमीटर सरकते, १/५०० मध्ये फक्त ६ मिलिमीटर. ६ मीटर रुंदीचं दृश्य ६,००० पिक्सेलवर उमटत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे १ मिलिमीटर. पहिल्या फोटोत ५० पिक्सेलचा फराटा, दुसऱ्यात ६ चा, आणि ६ पिक्सेल मोबाइलवर कुणाला दिसणार? झूम करून रुंदी ३ मीटर केली की दोन्ही आकडे दुप्पट. म्हणून ‘गरब्याला अमुक शटर’ असं पाठ करण्यात अर्थ नाही.

दिशेनंही फरक पडतो. रिंगणाबाहेर उभं राहिलं की समोरचे लोक आडवे जातात, तेव्हा फराटा सर्वांत लांब. डाव्या-उजव्या टोकाचे मात्र आपल्याकडे येतात किंवा दूर जातात. त्यांचं आडवं सरकणं अगदी थोडं, तिथे १/१२५ लाही चेहरा धरता येतो. टाळी पडते त्या क्षणी हातही थांबलेले असतात.

१/१२५ वरून १/५०० वर जायचं तर उजेड चौथाई होतो, मग एफ/२.८ (लेन्सचं छिद्र किती उघडं) कायम ठेवून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० चा ६४०० करावा लागतो. फोटोत दाणेदार कण दिसतील, पण ते फराट्यापेक्षा परवडले. खरी पंचाईत एलईडी दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/५०० चं शटर त्या १० मिलिसेकंदांतले २ च टिपतं. मग एक फोटो उजळ, पुढचा काळपट, आणि मोबाइलवर किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे पट्टे. अँटी-फ्लिकर सोय (दिवा प्रखर असतानाच फोटो टिपणारी) असेल तर चालू करा. नसेल तर १/१०० ठेवा, म्हणजे पूर्ण १० मिलिसेकंद टिपले जातील, आणि टोकाची माणसं, टाळीचा क्षण गाठा. इमेज स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही. ते आपला हात सावरतं, नाचणाऱ्याचा नाही.

फराटा मुद्दाम हवा असेल तर १/१५ आणि फ्लॅश. फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ टिकतो, तेवढ्यात चेहरा गोठतो आणि घागऱ्याचा रंग पसरतो. फ्लॅश ‘रिअर कर्टन’वर, म्हणजे शटर बंद होण्याच्या क्षणी उडणारा हवा. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सुरुवातीलाच उडतो, फराटा पुढे येतो आणि माणूस उलटा चालल्यासारखा वाटतो. ताकद कमीच ठेवा, डोळ्यांवर झोत आला की नाचणाऱ्याचा ताल चुकतो.

गच्चीवरून किंवा उंच स्टँडवरून अख्खं रिंगण फराट्यांसकट घ्यायचं असेल तर ट्रायपॉड लावा. १/१२५, एफ/२.८, आयएसओ १६०० ला जेवढा उजेड मिळतो, तेवढाच १ सेकंद, एफ/८, आयएसओ १०० ला मिळतो. बोटाचा धक्का बसू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा.