प्रभात फिल्म कंपनी

भारतीय बोलपटाच्या पहिल्या दोन दशकांतील एक प्रमुख चित्रपटनिर्मिती संस्था. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि भांडवल पुरवणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी ती स्थापन केली. कुलकर्णी वगळता चौघेही बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत तयार झालेले होते. कॅमेरा, रंगभूषा, नेपथ्य, रसायनशाळा यांतले काहीच त्यांना परके नव्हते. मालक आणि कारागीर ही एकच माणसे असल्याचा प्रभातच्या चित्रपटांवर खोल परिणाम झाला. दामल्यांकडे ध्वनिमुद्रण, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, धायबरांकडे छायाचित्रण आणि शांतारामांकडे दिग्दर्शन अशी सुरुवातीची कामांची वाटणी होती.

‘गोपालकृष्ण’पासून सुरू झालेले कंपनीचे सहा मूकपट कोल्हापुरात तयार झाले. त्यांतील ‘उदयकाल’ (1930) हा शिवचरित्रावरचा मूकपट. त्याचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे मूळ नाव ब्रिटिश अभ्यवेक्षकांनी (सेन्सॉरने) बदलायला लावले. मार्च 1931 मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकल्यावर मूकपटांचे दिवस संपले आणि प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ (1932) हा मराठीतील पहिला बोलपट तयार केला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या भूमिका असलेला हा बोलपट त्याच नेपथ्यावर हिंदीतही चित्रित झाला, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोन भाषांत दोनदा करावा लागला. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झाली नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे, चौकटीबाहेर बसलेल्या वादकांनी त्याला साथ द्यायची आणि हे सारे एकदमच मुद्रित व्हायचे. एका सुराची चूक झाली तरी अख्खे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. त्या काळच्या नटांना गाता येणे आवश्यक होते, त्याचे कारण या यंत्रणेतच होते.

‘सैरंध्री’ (1933) हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या प्रती जर्मनीत काढल्या गेल्या, पण पडद्यावर रंग समाधानकारक उतरले नाहीत. त्या निमित्ताने झालेल्या जर्मनीच्या प्रवासाचा लाभ मात्र वाया गेला नाही. त्याच वर्षी कंपनी पुण्यात आली आणि तिथल्या पहिल्या ‘अमृतमंथन’ (1934) या चित्रपटात, राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे दूरभिंगाने घेतलेले पडदाभर निकटदृश्य आणि छायाप्रकाशाचे गडद खेळ पाहून प्रेक्षक थक्क झाले. पुण्यातील स्टुडिओत चित्रीकरणाचे प्रशस्त मंच, रसायनशाळा, संकलनकक्ष आणि तळे एकाच आवारात होते. नट, वादक, सुतार, रंगारी सर्व मासिक पगारावर असत, त्यामुळे तालमीला आणि नेपथ्याच्या तपशिलाला पुरेसा वेळ मिळे.

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (1936) ही या कार्यपद्धतीची सर्वांत मोठी मिळकत म्हणावी लागेल. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जितका मनात राहतो, तितकीच गौरी यांची जिजाई राहते. देवावर चिडणारी, पोराबाळांच्या पोटाची चिंता वाहणारी ही बाई चित्रपटाला कोरड्या भक्तिपटापासून वाचवते. शांताराम आठवले यांनी यासाठी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद इतके एकजीव झाले, की अनेकांना ते तुकोबांचाच अभंग वाटले. 1937 च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा खास गौरव झाला.

शांतारामांचा ‘कुंकू’ (1937) ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला होता. त्याचे तांत्रिक वैशिष्ट्य ध्वनीत आहे. त्यात वाद्यवृंदाचे पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज, घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन यांवरच प्रसंगांचा ताण उभा केला आहे. वृद्ध नवऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या नीरेचा कोंडमारा या आवाजांमुळे अंगावर येतो. ध्वनीचा इतका विचारपूर्वक वापर पुढच्या काळातही आपल्याकडे क्वचितच झाला. त्यानंतरचे ‘माणूस’ (1939) आणि हिंदू-मुस्लिम मैत्रीवरचा ‘शेजारी’ (1941) हे सामाजिक चित्रपटही त्याच जातकुळीचे होते.

भागीदारीवर उभे असलेले हे घर भागीदारांच्या जाण्यानेच खचले. धायबर आधीच बाहेर पडले होते; 1942 मध्ये शांतारामांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले आणि 1945 मध्ये दामले यांचे निधन झाले. ‘रामशास्त्री’ (1944) आणि देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (1946) हे उत्तरकाळातले उल्लेखनीय चित्रपट. पुढे स्वतंत्र निर्माते आणि करारावरचे नट-नट्या यांच्या व्यवहारात पगारी नोकरांचा मोठा स्टुडिओ चालवणे परवडेनासे झाले. 1953 मध्ये कंपनी बंद पडली.

स्टुडिओची जागा केंद्र सरकारने घेतली आणि 1960 मध्ये तिथे चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. दूरचित्रवाणी प्रशिक्षणाची जोड मिळाल्यावर ती फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रभातच्या जुन्या चित्रीकरण मंचावर आजही विद्यार्थी काम करतात, आणि आवारातील संग्रहालयात कंपनीची साधने व वेशभूषा जपून ठेवलेली आहेत. मूळ फिल्मच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. 2003 मध्ये याच आवारातील, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि तिच्यात प्रभातच्या मूळ फिल्मही जळाल्या.