नामिबियात मार्गदर्शकासोबत शिकार : परवाना कोण काढतो, कागद कोणते लागतात आणि ट्रॉफी घरी येते का

"केनियाला शिकारीला जायचंय, कागद काय लागतील?" असं मला आजवर चार जणांनी तरी विचारलंय. याचं उत्तर एका ओळीचं आहे. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे, तिथे सफारी करायची ती कॅमेरा घेऊनच. कायदेशीर शिकार चालते ती नामिबिया, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया, टांझानिया अशा देशांत. बोत्स्वानाने २०१४ मध्ये ती बंद केली होती, २०१९ मध्ये बंदी उठवली. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि एकाचे कागद दुसरीकडे चालत नाहीत. मी लिहितोय ते नामिबियाबद्दल. टेक्सासमधले आमचे दाजी तिथे गेले तेव्हा त्यांची सगळी फाइल मी लावली होती आणि सोबतही गेलो होतो. मी स्वतः बंदूक चालवत नाही, पण फाइलमधला कागद न् कागद वाचला आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शिकारीचा परवाना तुमच्या नावाचा असतो, पण अर्ज तुम्ही करायचा नसतो. तो तुमचा मार्गदर्शक करतो. त्यामुळेच येणारे पाहुणे तो कागद मागून बघत नाहीत. तो बघितल्याशिवाय गाडीत बसू नका, हे सांगण्यासाठीच हा सगळा लेख आहे.

कोणाला जाता येतं

कोणत्याही देशाचा नागरिक पाहुणा शिकारी म्हणून जाऊ शकतो. अट एकच, पण ती पक्की: शिकार करताना नामिबियात नोंदणी असलेला मार्गदर्शक सोबत हवा. तिथे याच्या पायऱ्या आहेत. 'हंटिंग गाइड' फक्त आपल्या नोंदणीत लिहिलेल्या फार्मवर शिकार घडवू शकतो. 'मास्टर हंटिंग गाइड'ला त्याखेरीज आणखी दोन ठिकाणी परवानगी मिळते. 'प्रोफेशनल हंटर' देशभर काम करू शकतो. हत्ती, सिंह, बिबट्या, रानम्हैस यांच्यासाठी मात्र 'बिग गेम'ची वेगळी नोंदणी असलेलाच माणूस लागतो. एका मार्गदर्शकाला एका वेळी दोनच शिकारी नेता येतात. म्हणून बुकिंग करताना "तुमची नोंदणी कोणत्या वर्गातली, आणि कोणत्या फार्मसाठी?" हे सरळ विचारा. कुडूसाठी (पीळदार शिंगांचं मोठं हरीण) ठरवलेला माणूस ऐनवेळी बिबट्याच्या मागे नेतो म्हणाला, तर त्याला तो अधिकार आहे का, हे तुम्हाला माहीत असायला हवं. नामिबिया प्रोफेशनल हंटिंग असोसिएशन ही मार्गदर्शकांची संघटना १९७४ पासून आहे. सभासदत्वाची खात्री तिथे करता येते. पण सभासदत्व म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे. दोन्ही बघा.

ट्रॉफी म्हणजे मारलेल्या जनावराची आठवण म्हणून ठेवायची शिंगं, कवटी, कातडी. अशा ट्रॉफी शिकारीचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. डिसेंबर-जानेवारीची तारीख कोणी देत असेल तर तिथेच थांबा.

परवाना : एक पान, पण नीट वाचायचं

कायदा म्हणजे १९७५ चा निसर्ग संवर्धन अध्यादेश, क्रमांक ४. परवाना देतं ते राजधानी विंडहुकमधलं पर्यावरण, वने आणि पर्यटन मंत्रालय. मार्गदर्शक तुमचं पासपोर्टवरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता, शिकारीची जागा, तारखा आणि जनावरांच्या जाती लिहून अर्ज करतो. त्यासाठी तुम्ही त्याला पासपोर्टच्या पानाची स्वच्छ प्रत आणि जातींची यादी वेळेत पाठवायची. यादीत एका जातीची जास्तीत जास्त दोन जनावरं धरली जातात. "आत्ता तीन लिहू, तिथे गेल्यावर ठरवू" असं चालत नाही. जी जात परवान्यात नाही तिच्यावर गोळी झाडायची नाही, मग ती पन्नास पावलांवर येऊन उभी राहिली तरी.

परवाना हातात आला की चार गोष्टी जुळवा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, फार्मचं किंवा भागाचं नाव तुम्ही जाणार तेच आहे का, तारखा शिकारीच्या सगळ्या दिवसांना पुरतात का, आणि जाती पूर्ण आहेत का. यातली दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला तेव्हा वाद पेटला तो बराचसा याच मुद्द्यावर, की ज्या जमिनीवर तो मारला तिला सिंहाचा कोटा होता का. जनावर कोणतं, हे जितकं महत्त्वाचं, तितकीच जमीनही. कुंपणापलीकडे पाऊल पडलं की परवाना संपला असं समजा.

जमीन दोन प्रकारची असते. एक खाजगी फार्म. दुसरी गावकऱ्यांची सामुदायिक जमीन, तिला तिथे 'कॉन्झर्वन्सी' म्हणतात. १९९६ च्या दुरुस्तीने गावांना आपल्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले आणि १९९८ मध्ये पहिल्या कॉन्झर्वन्सी नोंदल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत. तिथे मंत्रालय कोटा ठरवतं, कॉन्झर्वन्सी एखाद्या शिकार कंपनीशी करार करते आणि तुमचे पैसे त्या करारातून गावात जातात. मांसही गावातच राहतं. त्सुमक्वेजवळची सान लोकांची न्याए न्याए ही सुरुवातीच्या कॉन्झर्वन्सींपैकी एक. अशा भागात जाणार असाल तर मंत्रालयाच्या परवान्याबरोबर कंपनीचा कॉन्झर्वन्सीशी असलेला चालू करारही बघायला मागा. त्यांना राग येत नाही. चांगला माणूस तो स्वतःहून दाखवतो. आणि माझं प्रामाणिक मत सांगतो: जायचंच असेल तर पैसा आणि मांस जिथे गावाला मिळतं तिथेच जावं.

आणखी दोन नियम. शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच. आणि जखमी होऊन निसटलेलं जनावर मारलेलंच धरलं जातं. त्याची ट्रॉफी फी द्यावी लागते. हे बहुतेक करारात लिहिलेलं असतं, सही करण्यापूर्वी वाचा. दाजींच्या ओरिक्सच्या (लांब सरळ शिंगांचं हरीण) मागे आम्ही दुपारी एकपासून चाललो होतो. आमचा माग काढणारा माणूस गवताच्या काडीवरचा मसुरीएवढा रक्ताचा डाग बोटाने दाखवायचा, हात वर करायचा, की सगळे जागच्या जागी थांबायचे. संध्याकाळी पावणेसहाला ते जनावर सापडलं. सापडलं नसतं तरी कागदावर ते दाजींच्याच नावावर लागलं असतं, आणि ते मला योग्य वाटतं.

बंदूक : सोबत न्यायची की तिथली घ्यायची

भारतातून जाणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: तिथलीच भाड्याने घ्या. भारतातून शस्त्र बाहेर नेणं आणि परत आणणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं, त्यासाठी वेगळी परवानगी लागते, आणि तुमचा साधा परवाना त्याला पुरत नाही. फार्मवर रायफल मिळते आणि आयातीचा कागदच उरत नाही.

अमेरिकेतून स्वतःची रायफल नेणाऱ्याने निघण्याआधी तिथल्या कस्टम्सकडे बंदूक प्रत्यक्ष दाखवून फॉर्म ४४५७ वर शिक्का घ्यायचा. परत येताना "ही माझीच, इथूनच नेलेली" याचा तोच पुरावा. नामिबियात विंडहुकच्या होसेआ कुटाको विमानतळावर पोलिसांच्या खिडकीवर तात्पुरत्या आयातीचा परवाना मिळतो. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि ऑटोमॅटिक शस्त्रं चालत नाहीत. काडतुसं सोबतच्या रायफलचीच हवीत. विमानात ती वेगळ्या बंद डब्यात ठेवायची, एका प्रवाशाला ५ किलोपर्यंत, आणि विमान कंपनीला आधी कळवलेलं असलं पाहिजे.

आमची अडचण इथेच झाली. पोलिसाने बॅटरी लावून रायफलवरचा सिरीयल नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचला आणि फॉर्ममध्ये शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' निघाला. चूक माझी, मी घरून भरून नेला होता. सगळा फॉर्म पुन्हा लिहिला, दीड तास गेला, बाहेर गाडी थांबलेली. तेव्हापासून मी नंबरचा जवळून फोटो काढतो आणि त्या फोटोवरून लिहितो. जुन्या कागदावरून उतरवत नाही.

जोहान्सबर्गला सामान उतरवून पुन्हा चढवायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा फॉर्म ५२० लागतो. तो काळ्या शाईने भरायचा आणि सही घरी करायची नाही, अधिकाऱ्यासमोरच करायची. तिकीट काढतानाच सामान थेट विंडहुकपर्यंत जाईल असं बघितलं तर हा त्रास टळतो.

रायफल किती ताकदीची, हेही नामिबियात ठरलेलं आहे. मोजतात ती गोळीची ऊर्जा: स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणाला किमान १३५० जूल, कुडू, ओरिक्स, ईलँडला २७००, आणि हत्ती-रानम्हशीला ५४०० जूल. थर्टी-ओ-सिक्स या मापाच्या रायफलने कुडू होतो, हत्ती होत नाही. त्यासाठी थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह किंवा तिच्या वरची. हा नियम जनावराच्या भल्यासाठी आहे, त्याला पळवाट शोधू नका.

पासपोर्ट आणि पीतज्वर

पासपोर्ट किमान ६ महिने वैध आणि कोरी पानं शिल्लक. व्हिसा पासपोर्टच्या देशाप्रमाणे. अमेरिकन पासपोर्टवाल्यांनाही १ एप्रिल २०२५ पासून व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्ट असेल तर तिकिटाआधी नवी दिल्लीतल्या नामिबियाच्या उच्चायुक्तालयाकडून चालू नियम विचारून घ्या.

मुंबईहून जाणाऱ्यांची चूक होते ती लशीत. नामिबिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण वाटेतले इथिओपिया आणि केनिया आहेत. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट असेल तर पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड जवळ ठेवा. भारत याबाबत कडक आहे. परतताना कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लशीनंतर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. उत्तरेकडे झांबेझी प्रांतात जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला.

ट्रॉफी घरी येते का

शिकारीचा परवाना आणि ट्रॉफी बाहेर नेण्याचा परवाना ही दोन वेगळी कामं आहेत, आणि लोक फसतात ते इथे. सगळं जनावरावर अवलंबून. साइटिस म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक हे त्याच्या यादीत नाहीत. त्यांना नामिबियाचा निर्यात परवाना आणि पशुवैद्यकीय दाखला पुरतो. यादीच्या परिशिष्ट दोनमधल्या जातीला साइटिसचा निर्यात परवाना लागतो. यात नामिबियातला हत्ती आणि सिंह येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण हार्टमन डोंगरी झेब्रा, बबून वानर आणि कॅरकल हे रानमांजरही त्यात आहेत, हे कोणी सांगत नाही. यादीत भर म्हणून शेवटच्या दिवशी बबून मारतात आणि मग सहा महिने कागदासाठी पत्रं लिहीत बसतात.

बिबट्या परिशिष्ट एकमध्ये. नामिबियाचा वर्षाचा कोटा २५०. चित्ताही परिशिष्ट एकमध्ये, कोटा १५०, त्यात जिवंत नेलेले चित्तेही धरले जातात. १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरलेले आठ चित्ते याच देशातून आले. आम्हा कोल्हापूरकरांना चित्ता परका नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आमच्या दरबारात काळवीटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात होते. त्यामुळे चित्त्याच्या कोट्याबद्दल वाचताना माझं मन थांबतं. मी तरी कोणाला त्या जातीचा अर्ज लावून देणार नाही.

परिशिष्ट एकला क्रम उलटा असतो: आधी तुमच्या देशाचा आयात परवाना, मग नामिबियाचा निर्यात परवाना. अमेरिकेत बिबट्यासाठी, आणि नामिबियाचा हत्ती परिशिष्ट दोनमध्ये असला तरी त्याच्यासाठीही, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या वन्यजीव खात्याचा फॉर्म ३-२००-१९, आणि माल उतरताना घोषणापत्र ३-१७७. निर्यात परवान्याची मुदत ६ महिने, परिशिष्ट एकच्या आयात परवान्याची १२ महिने. कातडी खारवणं, कवटी साफ करणं, जंतुनाशक द्रावणात बुडवणं, पेटीत भरणं यातच बरेच महिने जातात. म्हणून परवाना माल तयार झाल्यावर काढायला सांगा, आधी नव्हे. मालवाहतूक कोण करणार हेही लेखी घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी 'बिग फाइव्ह'च्या (हत्ती, गेंडा, सिंह, बिबट्या, रानम्हैस) ट्रॉफी नेणं बंद केलं होतं.

भारतात राहणाऱ्यांनी ट्रॉफी घरी येणार नाही असंच धरून चालावं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर आलेली बंदी आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्यात आलेलं साइटिसचं प्रकरण, या सगळ्यांतून परवानगीशिवाय आणलेली वस्तू कस्टम्समध्ये जप्त होते आणि वर गुन्हा दाखल होऊ शकतो. शिंगाचा तुकडा, दाताचं लॉकेट, केसांचं कडं, काहीही बॅगेत टाकू नका. आठवण म्हणून फोटो आणा.

अमेरिकेत ट्रॉफी आली की साइटिसचा मूळ परवाना सरकारी माणूस ठेवून घेतो. त्याआधी दोन्ही बाजूंची छायाप्रत काढा आणि ती ट्रॉफीच्या मागे पाकिटात चिकटवून ठेवा. दाजींनी घर बदललं तेव्हा नव्या राज्यात त्यांना हाच कागद विचारला गेला, आणि तो पाकिटात होता.