लांबच्या वाटेने गेलेलं विमान आधी कसं पोचतं?

नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की दोन आकडे येतात, एवढे किलोमीटर आणि एवढे तास, मग आपण भागाकार करून स्पीड काढायला जातो आणि तिथेच गोंधळ होतो. लंडन-न्यूयॉर्कचं बघा, साधारण ५,५५० किमी, तिकडे जायला आठेक तास आणि परत यायला सातच. विमान तेच, अंतर तेच, मग एक तास गेला कुठे?

पृथ्वी फिरते म्हणून असं होतं असं बरेच जण ठोकून देतात. पण पृथ्वी फिरते पूर्वेकडे, म्हणजे त्या हिशोबाने न्यूयॉर्कच विमानाकडे सरकत यायला हवं आणि जातानाच लवकर पोचायला हवं, होतं बरोब्बर उलटं! मुळात हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे नुसत्या फिरण्याने फरक पडत नाही.

खरा खेळ जेट स्ट्रीमचा आहे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद पट्टा वाहतो, हिवाळ्यात तर त्याचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. विमान ९०० ने उडतं म्हणतात ना, ते हवेच्या तुलनेत, आता ती हवाच २०० ने पळत असेल तर जमिनीवरून मोजलेला स्पीड ११०० होतो, आणि तोंडावर वारा आला की ७००. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा वारा इतका जोरात होता की एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून बघितलं तर ताशी १,३०० च्या पुढे, म्हणजे आवाजापेक्षा जास्त, पण सॉनिक बूम (आवाजापेक्षा वेगात जाताना होणारा स्फोटासारखा धमाका) वगैरे काही नाही कारण आजूबाजूच्या हवेच्या मानाने ते नेहमीसारखंच चाललं होतं.

बरं, साइटवर दिसणारं अंतर म्हणजे पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर जेवढा लागेल तेवढं. विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं काही नाही. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, वाट साधारण १,४०० किमीने वाढली तरी जवळपास दोन तास वाचले, कारण वारा पाठीशी आला.

आता तुम्ही म्हणाल जाताना गेलेला वेळ येताना भरून निघत असेल. नाही निघत. ९,००० किमी अंतर आणि ९०० चा स्पीड धरा, वारा नसेल तर जाऊन-येऊन २० तास. १५० चा वारा असेल तर एका बाजूला ८ तास ३४ मिनिटं, दुसऱ्या बाजूला पूर्ण १२, म्हणजे ३४ मिनिटं जास्तच, कारण वारा ढकलतो साडेआठ तास आणि अडवतो मात्र बारा तास.