रक्तातून येणारा टीटी विषाणू लिव्हर खराब करतो का?

इंदूरला रामबागेत रक्तदान शिबिराचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, ‘रक्त चढवलं की टीटी विषाणू शिरतो, लिव्हर जातं.’ असं अजिबात नाही. 1997 साली जपानमध्ये, रक्त घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या एका रुग्णात तो सापडला, म्हणून संशय त्याच्यावर गेला. पुढे पाहतात तर धडधाकट लोकांच्या रक्तातही तोच! बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतो, कधीच रक्त न घेतलेल्यांच्याही. एकाही आजाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. प्रतिकारशक्ती दबली की तो वाढतो, एवढंच. रक्तपेढी तपासते ते एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. भरवसा त्या तपासणीवर ठेवा.