कचरा जाळण्याचे प्रकल्प: रहिवासी धोक्याची माहिती कशी मिळवतात

आपल्या भागात कचरा जाळून वीज बनवायचा प्लांट येतोय म्हटल्यावर धूर, राख, तब्येत यांचं काय होणार हे तिथले लोक स्वतःच शोधायला लागतात, त्या खटपटीबद्दलची ही नोंद. बऱ्याच ठिकाणी हा शोध उशिरा, म्हणजे वास यायला लागल्यावरच सुरू होतो. दिल्लीतल्या ओखल्यात मात्र सुखदेव विहारचे लोक आधीच जागे झाले होते, 2009 मध्येच ते हायकोर्टात गेले, मंजुरीच्या कागदात एक तंत्रज्ञान आणि प्रत्यक्षात उभं राहतंय दुसरंच अशी त्यांची तक्रार होती. तरीही 2012 ला प्लांट सुरू झाला. पुढे प्रकरण हरित लवादाकडे गेलं आणि 2017 मध्ये लवादाने 25 लाखांची भरपाई लावून प्लांट चालू ठेवायला परवानगी दिली.

माहिती मिळवायची पहिली अधिकृत जागा म्हणजे जनसुनावणी. 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे तिची किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, पण वाऱ्याची दिशा, चिमणीची उंची, धूर कुठे उतरणार हे सगळं असतं मूळ जाडजूड अहवालात आणि तो सहसा इंग्रजीत, त्यामुळे सोसायटीत कोणी इंजिनियर किंवा डॉक्टर असेल तर सगळे त्याच्याच दारात जातात.

नंतरचा रस्ता आरटीआयचा, 10 रुपये फी आणि उत्तराला 30 दिवस. "प्लांट सुरक्षित आहे का" असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही, कारण आरटीआयमध्ये मत मागता येत नाही, कागद मागता येतो. म्हणून प्रदूषण मंडळाने दिलेल्या कन्सेंटची, म्हणजे प्लांट चालवायच्या परवानगीची कॉपी आणि चिमणीच्या तपासणीचे रिपोर्ट तारखेसकट मागायचे.

खरी अडचण डायॉक्सिनची, म्हणजे कचरा जळताना तयार होणाऱ्या अतिविषारी रसायनांची. लोकांना सगळ्यात जास्त भीती त्याची, आणि नेमकं तेच रोज दिसत नाही. धूळ, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड वगैरे मशीन सतत मोजतं, डायॉक्सिनसाठी मात्र चिमणीतून सहा ते आठ तास नमुना घेऊन लॅबला पाठवावा लागतो. 2016 च्या घनकचरा नियमात मर्यादा घनमीटरमागे 0.1 नॅनोग्रॅम ठरवली होती, पण अधूनमधून घेतलेल्या नमुन्यावरून बाकीच्या दिवसांचं काय कळणार, हा रहिवाशांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

चीनमध्येही हाच अविश्वास रस्त्यावर आला, 2009 ला ग्वांगझूच्या पान्यू भागात आणि 2014 ला हांगझूच्या युहांगमध्ये. युहांगला आधी प्लांट थांबवला, मग गावकऱ्यांना दुसऱ्या शहरांतले चालू प्लांट दाखवायला नेलं, आणि नंतरच तो उभा राहिला. माझ्या मते चिमणीखाली स्वतः उभं राहून बघण्याने जे होतं ते पत्रकं वाटून होत नाही. जानेवारी 2020 पासून चीनचं पर्यावरण मंत्रालय देशभरातल्या प्लांटचे पाच प्रदूषकांचे आकडे आणि भट्टीचं तापमान जाहीर करायला लागलं. डायॉक्सिन त्यातही नाही, पण भट्टी 850 अंशांच्या खाली गेली की ते तयार व्हायची शक्यता वाढते, त्यामुळे घरी बसून तापमान बघणाऱ्याला थोडा तरी अंदाज बांधता येतो.